आवक क्रमांक

अजमानच्या मासळीबाजारामागे टायपिंग सेंटर,
तिथे तीन नंबरच्या टेबलावर मी बसते.
दिवसभर माणसांची नावं अरबीत बसवते.
अरबीत ट नाही, ळ तर नाहीच,
त्यामुळे वेळणेश्वरची माणसं इथे थोडी कमी भरतात.

शुक्रवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढते,
तेवढ्यात वाकून आत येतो दिलावर सावरटकर,
पाण्याच्या लाँचवरचा. हातात प्लॅस्टिकची पिशवी,
पिशवीत डिझेलचा वास आणि अकरा कागद.

चार मैलांवर ‘एमटी जुवेरिया’ उभी आहे, नांगर टाकून.
मालक फोन उचलत नाही.
पगार गणपतीआधी झाला, तोही अर्धा.
भंडाऱ्याने लिहिलंय, तांदूळ सहा दिवसांचा.
सारंगाने लिहिलंय, परवा रात्री आभाळातून
काहीतरी पेटलेलं गेलं, आमच्या डोक्यावरून,
कुणाच्या तरी दिशेने.
आम्ही डेकवर उभे. पळणार कुठे.

मी कागद पसरते आणि रागावते.
‘मायबाप’ कशाला? खोडा.
‘कृपादृष्टी असावी’, खोडा.
शेवटी ‘आपला नम्र सेवक’? अहो, सेवक तो!
तिथे लिहा, आपला मतदार.
खाली गाव, यादीतला अनुक्रमांक,
जिल्हा परिषद शाळा, खोली दोन.
‘खूप दिवस’ नको, दोनशे चौदा दिवस.
रडू ठेवा, पण दुसऱ्या परिच्छेदात.

पगार मागा, घरी न्या म्हणा,
आणि हेही लिहा, की सभागृहात उभे राहा,
या सामुद्रधुनीवरची आग थांबवा असं मोठ्याने म्हणा,
कारण तुमच्या मतदारसंघातल्या अकरा चुली
सध्या या पाण्यावर तरंगतायत.

दिलावर म्हणतो, वाचणार कोण, ताई?
पीएच्या टेबलाखाली टोपली असते.
असते, माहीत आहे मला. माझे वडील
दापोलीच्या कचेरीत सत्तावीस वर्षं
आवक-जावक सांभाळत होते.
म्हणायचे, माणूस विसरतो, वही विसरत नाही.
कागद आला की शिक्का, शिक्क्याखाली आकडा,
मग ‘आलंच नाही’ म्हणायची सोय उरत नाही.
एका आकड्याला साहेब नुसते खोकतात.
चाळीस आले, तर खुर्ची सरकवून विचारतात,
हे जुवेरिया काय प्रकरण आहे?

चाळीस मी कुठून आणू?
म्हणून तुम्हाला सांगतेय, तुम्ही जे तिकडे आहात,
ज्यांच्या बोटाला अजून शाई लागते.
माझं बोट नऊ वर्षं कोरडं आहे.
आपला खासदार कोण ते ठाऊक नसेल तर विचारा,
लाजू नका, मीही विचारलं होतं.
एक पान पुरे. जहाज तुमचं नसेल,
तुमच्या गल्लीतलं काहीतरी असेलच अडकलेलं,
तेही लिहा त्याच पानावर.
संसदेत एका प्रश्नाला तारांकित म्हणतात,
त्याला तोंडी उत्तर द्यावं लागतं, उभं राहून.
सारंगाला हे कळवलं, तर त्याचा निरोप आला,
तारे इथे मायंदाळ आहेत, प्रश्नही आहे,
दोन्ही एकत्र कोण करणार तेवढं बघा.

पलीकडच्या किनाऱ्याचा नाखुदा मुराद दारात थांबतो.
त्याची लिपी वेगळी, किनारा तर त्याच आगीखालचा.
हे कुणाला? विचारतो. सांगते.
बराच वेळ तो काही बोलत नाही.
पंख्याने कागद उडू लागतात,
तेव्हा गलबतातून आणलेलं एक कलिंगड
तो अलगद त्यांच्यावर ठेवतो.

बारावं पाकीट माझं आहे.
‘आपली मतदार’ लिहिताना हात अडखळला,
यादीत नाव उरलंय का, कुणास ठाऊक.
तरी लिहिलं.
आकडा तर पडेल.